दगडाला शेंदूर फासला तरी निवडून येतो? बॅटल रिव्हर–क्रोफूटची शंभर वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या बॅटल रिव्हर–क्रोफूट या ग्रामीण मतदारसंघात कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ८० टक्क्यांच्या आसपास मतं पडतात. हे पहिल्यापासून असंच आहे का? आणि २०२५ च्या पोटनिवडणुकीत तिथे २१४ उमेदवार कुठून आले?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. हा मतदारसंघ एका पक्षाशी एकनिष्ठ आहे असं बाहेरून दिसतं. पण जुने निकाल ओळीने मांडले की वेगळंच दिसतं. इथले लोक पक्षाला हळूहळू सोडत नाहीत. १४ ते ३५ वर्षं डोळे झाकून मत देतात आणि मग एका निवडणुकीत अख्खा पक्ष उचलून बाहेर ठेवतात. १९२१, १९३५, १९५८ आणि १९९३ ही ती चार वर्षं. मधल्या काळातले ७०-८० टक्क्यांचे आकडे पाहून कुणी 'बालेकिल्ला' म्हणत असेल तर त्याने या चार वर्षांकडे आधी पाहावं.

आधी जागा समजून घेऊ. एडमंटनच्या आग्नेयेला कॅमरोज, तिथून पूर्वेला वेनराइट, दक्षिणेला स्टेटलर, हॅना आणि डायनोसॉरच्या सांगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं ड्रमहेलर, असा हा पट्टा. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरच्या या मुलखात माणसं लाखाच्या थोडी वर. महाराष्ट्रातल्या चार-पाच मोठ्या जिल्ह्यांएवढा प्रदेश आणि लोकसंख्या एखाद्या तालुक्याच्या शहराएवढी. गहू, कनोला, गुरं, तेलविहिरी आणि हार्डिस्टीचं तेल साठवण व पाइपलाइनचं मोठं केंद्र. वेनराइटला लष्कराचा सराव तळ आहे. हे नुसतं भूगोलाचं वर्णन नाही, निकालाचं अर्धं कारण यातच आहे. सगळ्यांचं पोट एकाच प्रकारच्या धंद्यावर असलं की राजधानी ओटावाचा एखादा निर्णय गावागावांत वेगवेगळा लागत नाही. तो सगळ्यांना एकसारखाच लागतो, आणि मतंही मग एकसारखीच फिरतात.

नावाचा घोळही आधी मिटवलेला बरा. आजचं नाव २०१५ च्या निवडणुकीपासूनचं. त्याआधी १९६८ पासून 'क्रोफूट' असा मतदारसंघ होता. हे नाव आदिवासी जमाती आणि सरकार यांच्यातल्या १८७७ च्या सातव्या तहावर सही करणाऱ्या सिक्सिका जमातीच्या प्रमुखाचं.  १९६८ च्या मागे गेलात तर हा प्रदेश अकेडिया, बॅटल रिव्हर, पुढे बॅटल रिव्हर–कॅमरोज आणि बो रिव्हर अशा मतदारसंघांत विभागलेला सापडतो. उदाहरणार्थ हॅना हे गाव धरा: आधी अकेडिया, मग क्रोफूट, मग बॅटल रिव्हर–क्रोफूट. गाव जागच्या जागी, वरची पाटी तेवढी बदलत गेली. म्हणून 'या मतदारसंघाचा इतिहास' असं एका नावाखाली शोधलं की २०१५ च्या मागे काहीच सापडत नाही, आणि नवखा माणूस तिथेच थांबतो.

आता ती चार वर्षं.

१९२१. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणि लगेच नंतर गव्हाची विक्री सरकारी मंडळांकडे होती. १९२० मध्ये शेवटचं मंडळ गुंडाळलं आणि भाव कोसळले. शेतीची अवजारं मात्र पूर्वेकडच्या कारखान्यांना संरक्षण देणाऱ्या आयातकरामुळे महागच. शेतकऱ्यांची संघटना, युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टा (यूएफए), स्वतःच निवडणुकीत उतरली. त्या वर्षी जूनमध्ये मेडिसिन हॅटच्या पोटनिवडणुकीत रॉबर्ट गार्डिनर निवडून आले आणि डिसेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत अल्बर्टाच्या १२ पैकी एकही जागा लिबरल किंवा कन्झर्व्हेटिव्हांना मिळाली नाही. आपल्या प्रदेशात बॅटल रिव्हरला हेन्री स्पेन्सर, बो रिव्हरला एडवर्ड गार्लंड, आणि १९२५ पासून अकेडियाला गार्डिनर. हे तिघंही संसदेतल्या डाव्या वळणाच्या 'जिंजर ग्रुप'मध्ये बसत. आज जिथे डाव्या पक्षाला धड १० टक्के मतं मिळत नाहीत, तिथले हे खासदार. १९३२ मध्ये कॅल्गरीला ज्या सीसीएफ पक्षाची सुरुवात झाली (आजच्या एनडीपी या डाव्या पक्षाचा पूर्वज), त्यामागे हीच माणसं होती.

१९३५. दुष्काळ, कर्ज, उडून जाणारी माती. हॅनाच्या भोवतीचा भाग इतका ओस पडला की १९३८ मध्ये प्रांताने त्यासाठी 'स्पेशल एरियाज' नावाचा वेगळा कायदाच केला. विल्यम एबरहार्ट या रेडिओवर प्रवचन देणाऱ्या शाळामास्तराने प्रत्येक प्रौढाला महिना २५ डॉलर देण्याचं आश्वासन दिलं आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या सोशल क्रेडिट पक्षाने प्रांत जिंकला. ऑक्टोबरच्या केंद्रीय निवडणुकीत अल्बर्टाच्या १७ पैकी १५ जागा त्याच पक्षाला. गार्डिनर, स्पेन्सर, गार्लंड हे तिघंही एकाच दिवशी घरी. त्यांच्या जागी व्हिक्टर क्वेल्च, रॉबर्ट फेअर आणि चार्ल्स जॉन्स्टन आले. फेअर १९५४ पर्यंत खासदार होते, बाकी दोघं १९५८ पर्यंत. एकदा बसवलं की उठवायचं नाही, ही इथली रीत इथूनच दिसू लागते.

१९५८. पंतप्रधान जॉन डीफेनबेकर हे सस्कॅचवनचे, म्हणजे शेजारच्याच माळरानावरचे. त्यांच्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने अल्बर्टाच्या सगळ्या १७ जागा घेतल्या. लाट होतीच, पण कारण खिशाशीही होतं. कोठारं न विकलेल्या गव्हाने भरलेली होती आणि शेतात साठवलेल्या धान्यावर उचल देणारा कायदा डीफेनबेकर सरकारने १९५७ मध्येच केला होता. पुढे १९६१ मध्ये चीनला गहू विकायला सुरुवात झाली आणि या पट्ट्यात तो पक्ष घरचा झाला. अकेडियातून आलेले जॅक हॉर्नर हे पोलॉकव्हिलचे पशुपालक होते.

१९९३ कडे जाण्याआधी हॉर्नरांपाशी थांबायला हवं, कारण 'इथे दगडाला शेंदूर फासून उभा केला तरी निवडून येतो' या म्हणण्याची खरी कसोटी त्यांच्यावरच झाली. १९७६ मध्ये ते पक्षाच्या नेतेपदाच्या लढतीत हरले, जो क्लार्क जिंकले. त्यातच सीमांची फेररचना आणि उमेदवारीचे वाद. २० एप्रिल १९७७ रोजी हॉर्नर थेट पंतप्रधान पियेर ट्रूडो यांच्या लिबरल पक्षात गेले आणि मंत्री झाले. दोन दशकांचा घरचा माणूस, मंत्रिपद हातात, खात्याचं काम वाईट नाही. १९७९ मध्ये याच मतदारांनी त्यांना आर्नल्ड मलोन यांच्याकडून सपशेल आडवं केलं. आपल्याकडे आयाराम-गयाराम दुसऱ्या पक्षाच्या तिकिटावर पुन्हा निवडून येतो, कारण मतं बऱ्याचदा माणसाच्या, घराण्याच्या मागे असतात. इथे ती पक्षाच्या मागे होती. तेव्हा दगड चालेल की नाही ते सांगता येत नाही, पण शेंदूर कुठला फासलाय हे नक्की पाहिलं जातं. याच पक्षांतरामुळे एक गंमतही झाली: अकेडिया–बॅटल रिव्हर–बो रिव्हर आणि पुढे क्रोफूट या वंशावळीत १९२१ नंतर लिबरल खासदार निवडून आलेला नाही, तरी दोन वर्षं इथला खासदार लिबरल होता.

१९९३ चं कारण मात्र एका रात्रीत तयार झालं नाही. तेलाच्या किमतीवर केंद्राचं नियंत्रण आणणारं १९८० चं राष्ट्रीय ऊर्जा धोरण लिबरलांचं, त्याचा राग लिबरलांवर. पण १९८४ मध्ये स्वतःचा प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष सत्तेत आल्यावरही १९८६ मध्ये सीएफ-१८ लढाऊ विमानांच्या देखभालीचं कंत्राट पश्चिमेतल्या विनिपेगऐवजी पूर्वेतल्या माँट्रियलला गेलं, मग १९९१ चा जीएसटी, मग घटनादुरुस्तीचे वाद. १९८७ मध्ये रिफॉर्म पक्ष निघाला आणि १९९३ मध्ये अल्बर्टाच्या २६ पैकी २२ जागा घेऊन गेला. देशभरात सत्ताधारी पक्ष २ जागांवर आला. क्रोफूटला रिफॉर्मचे जॅक रॅमझी. त्यांना पुढे एका फौजदारी खटल्यामुळे पक्षाबाहेर पडावं लागलं, २००० मध्ये ते अपक्ष लढले आणि कॅनेडियन अलायन्सच्या केव्हिन सोरेन्सन यांच्याकडून हरले. हॉर्नरांचाच धडा पुन्हा. रिफॉर्म, अलायन्स आणि २००३ च्या विलीनीकरणानंतरचा आजचा कन्झर्व्हेटिव्ह पक्ष, ही एकाच झाडाची तीन नावं. त्यामुळे २००० किंवा २००४ मध्ये 'पक्ष बदलला' असं तक्त्यात दिसलं तरी ते मतदारांचं वळण नव्हे.

आता ८० टक्क्यांबद्दल. २०१५ मध्ये सोरेन्सन सुमारे ८१, २०१९ मध्ये डेमियन क्युरेक ८५, २०२१ मध्ये तेच क्युरेक ७१, २०२५ च्या एप्रिलमध्ये ८२ च्या वर. यातला सगळ्यात बोलका आकडा ७१ चा आहे. ती १४ टक्के मतं लिबरल वा एनडीपीकडे गेली म्हणून घट झाली असं बाहेरचे समजतात. बहुतेक गळती उजवीकडेच होती: पीपल्स पार्टी आणि पश्चिमेच्या हक्कांची भाषा करणारा मॅव्हरिक पक्ष. १९२१ असो की १९९३, पूर्वीची वळणंही अशीच, ओटावातल्या जुन्या पक्षाला वैतागून आपल्याच घरातून निघालेल्या नव्या पक्षाकडे. यापुढचं वळण शोधायचं तर तिथेच बघावं.

विरोधक इतके दुबळे का, याला एक हिशेबी कारण आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. कॅनडात उमेदवाराला वैध मतांच्या १० टक्के मतं मिळाली तर त्याच्या निवडणूक खर्चातले ६० टक्के सरकार परत देतं. १० च्या खाली राहिलात तर शून्य. २०१९ मध्ये इथे दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारही त्या रेषेच्या बराच खाली होता. पैसे परत येत नाहीत म्हणून पुढच्या वेळी खर्च नाही, खर्च नाही म्हणून फलक आणि कार्यकर्ते नाहीत, आणि म्हणून पुन्हा १० टक्के नाहीत. २००४ पासून पक्षांना दर मतामागे वार्षिक अनुदान मिळायचं, त्यामुळे हरणाऱ्या जागेवरही मतं गोळा करण्यात थोडा अर्थ होता. तेही २०१५ मध्ये बंद झालं.

म्हणून खरी लढत पक्षाच्या उमेदवारीची. पक्षाच्या सभासदांनी मतदान करून उमेदवार ठरवायचा असतो, आणि कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा सभासद व्हायला नागरिकत्व लागत नाही. कायमचा रहिवासी आणि १४ वर्षांचं वय पुरतं. कॅमरोज किंवा ड्रमहेलरला स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांकडे अजून पीआरच आहे, त्यांना सार्वत्रिक निवडणुकीत मत नाही, पण ज्या मतदानात खासदार प्रत्यक्षात ठरतो त्यात आहे. सभासदत्व मतदानाच्या आधी ठरलेल्या मुदतीत घ्यावं लागतं. ती मुदत सहज चुकू शकते, कारण उमेदवारीची घोषणा आणि मुदत यांत फार दिवस नसतात.

आता २१४ ची गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये कन्झर्व्हेटिव्हांचे नेते पियेर पॉइलिव्ह्र ओटावाजवळच्या कार्लटनमध्ये हरले. क्युरेक यांनी मे महिन्याच्या सुरुवातीलाच जागा सोडायचं जाहीर केलं. पण कॅनडात निकाल राजपत्रात आल्यावर ३० दिवस, म्हणजे निकालाला आव्हान देण्याची मुदत संपेपर्यंत, खासदाराला राजीनामाच देता येत नाही. तो १७ जूनला दिला गेला. जागा रिकामी झाल्याची कागदपत्रं निवडणूक प्रमुखांकडे पोचल्यापासून ११ ते १८० दिवसांच्या आत पोटनिवडणूक जाहीर करावी लागते. सरकारने ती ३० जूनला केली, मतदान १८ ऑगस्टला. नेत्यासाठी सुरक्षित जागा रिकामी करणं तिथे नवीन नाही. पंतप्रधान मॅकेन्झी किंग १९२६ मध्ये प्रिन्स अल्बर्टहून, कन्झर्व्हेटिव्ह नेते मलरोनी १९८३ मध्ये सेंट्रल नोव्हाहून असेच आले होते.

अर्ज भरण्याची मुदत मतदानाच्या २१ दिवस आधी दुपारी २ वाजता संपते, म्हणजे २८ जुलै. निवडणूक पद्धतीत सुधारणा मागणाऱ्या 'लाँगेस्ट बॅलट' गटाने तोवर जवळजवळ २०० अर्ज भरले होते. हे शक्य झालं ते चार गोष्टींमुळे. उमेदवाराला मतदारसंघातल्या १०० मतदारांच्या सह्या लागतात, पण एकच मतदार कितीही उमेदवारांच्या अर्जावर सही करू शकत होता. उमेदवार त्या मतदारसंघात राहणारा असावा अशी अट नाही, आणि खर्चाचा हिशेब ठेवणारा अधिकृत प्रतिनिधी अनेकांना मिळून एकच चालत होता. आणि अनामत रक्कम नाही. १,००० डॉलरची अनामत अल्बर्टाच्याच न्यायालयाने २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरवली होती.

मराठी वाचकाला इथे बेळगाव आठवणारच. १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि मतपत्रिकेवर ४५६ नावं आली. भारताने त्यावर अनामत ५०० वरून १०,००० रुपये केली आणि अपक्षांना १० सूचक लावले. तिकडे अनामतीचा रस्ता न्यायालयाने बंद केलेला, म्हणून मतपत्रिकाच बदलली. कार्लटनला ९१ नावांचा जवळपास मीटरभर लांब कागद छापून झाला होता, त्याच्या घड्या घालताना आणि मोजताना कर्मचाऱ्यांचे हाल झाले होते. २१४ नावांना तो मार्गच नव्हता. तेव्हा पहिल्यांदाच सगळ्या केंद्रांवर कोरी रेघ असलेली मतपत्रिका दिली गेली. मतदाराने उमेदवाराचं नाव स्वतः लिहायचं, केंद्रावर नावांची यादी लावलेली. स्पेलिंग चुकलं तरी कुणाला मत द्यायचंय ते स्पष्ट असेल तर मत धरायचं. पण नुसतं पक्षाचं नाव लिहिलं तर मत बाद. जिथे लोकांनी आयुष्यभर पक्षालाच मत दिलंय, तिथे हा शेवटचा नियम किती लोकांना वेळेत समजला असेल, हा प्रश्न रास्त आहे. पॉइलिव्ह्र ८० टक्क्यांच्या आसपास मतांनी जिंकले, मतदान ५९ टक्क्यांच्या जवळपास झालं, पोटनिवडणुकीच्या मानाने भरपूर.

स्वतः आकडे काढायला बसणार असाल तर काही खड्डे सांगून ठेवतो. १९७२ च्या निवडणुकीआधी मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापलं जात नव्हतं, म्हणून जुन्या तक्त्यांत गार्डिनर कुठे 'प्रोग्रेसिव्ह' तर कुठे 'यूएफए' दिसतात. माणूस एकच, दोनदा मोजू नका. सीमा दर १० वर्षांनी स्वतंत्र आयोग बदलतो. फेररचनेनंतर जुनी मतं नव्या सीमांत बसवून निवडणूक आयोग आकडे देतो, तुलना त्यांच्याशी करा. मूळ निकालाशी केली तर स्ट्रॅथमोरसारखं वाढतं गाव २०१५ मध्ये बाहेर गेल्याचा परिणाम तुम्ही मतदारांच्या माथी माराल. सीमेवरच्या गावांचं जास्तच जपा: शेजारच्या व्हेग्रेव्हिलने १९४९ मध्ये लिबरल जॉन डेकोर यांना निवडून दिलं होतं, तेव्हा 'या भागात लिबरल कधीच नाही' हे वाक्य नकाशा कुठे कापता त्यावर खरं-खोटं ठरतं.

गावनिहाय निकाल बघताना आगाऊ मतदान वेगळ्या, मोठ्या गटांत मोजलं जातं हे लक्षात असू द्या. टपालाने आणि कार्यालयात जाऊन दिलेली विशेष मतं तर मतदारसंघभराच्या एकत्रित आकड्यांत येतात. हल्ली आगाऊ मतदान इतकं वाढलंय की मतदानाच्या दिवशीचा गावचा आकडा म्हणजे गावाचा अर्धामुर्धा कौल. फार कमी मतांचं केंद्र गुप्ततेसाठी शेजारच्या केंद्रात मिसळून दाखवतात, तिथे शून्य दिसलं म्हणून कुणी मत दिलं नाही असं समजू नका. आणि २०२५ ची पोटनिवडणूक वापरताना 'अपक्ष' या रकान्याची सरळ बेरीज अजिबात करू नका. त्यात बॉनी क्रिचली या स्थानिक माजी सैनिक महिलेची १० टक्क्यांच्या आसपास मतं आहेत, ज्यांनी लांब मतपत्रिकेच्या मोहिमेला जाहीर विरोध केला होता. आणि त्याच रकान्यात त्या मोहिमेचे दीड-दोनशे उमेदवारही आहेत, ज्यांतल्या बहुतेकांना बोटावर मोजण्याइतकी मतं पडली.